शाल, श्रीफळ आणि प्लॅटिनमचं टोक

माझं काम काय आहे, हे मी आजवर तीन माणसांना मनापासून समजावून सांगितलं आहे. एक बायको, एक वडील आणि एक एसटीचा कंडक्टर. तिघांपैकी समाधान फक्त कंडक्टरचं झालं.

तो बिचारा एवढंच विचारत होता की मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून प्रत्येक गतिरोधकाला डोळे मिटणारा हा माणूस नेमकं काय नेतोय. मी झाकण उघडून दाखवलं. आत लहान मुलांच्या रंगीत मातीत काचेच्या बारीक नळ्या खोचलेल्या होत्या. "सुया हायेत," मी म्हणालो. "डॉक्टर का तुमी?" त्यानं विचारलं. "होतोय," मी म्हणालो. तो मान डोलावून पुढं गेला. होतोय हे खरंच होतं, आणि बऱ्याच वर्षांपासून खरं होतं.

मी मंचरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. राहतो निरगुडसरजवळच्या आमच्या वस्तीवर, आईवडील आणि बायकोबरोबर. उरलेल्या वेळात पीएच.डी. करतो. माझ्या गाइड मॅडम पुण्यात असतात. त्या वयानं माझ्याहून लहान, त्यामुळं त्या मला सर म्हणतात आणि मी त्यांना मॅडम, आणि दोघंही थोडे अवघडलेले असतो.

विषय असा: पाण्यात धातूचं टोक बुडवलं की त्यावरून शेजारच्या रेणूवर इलेक्ट्रॉन उडी मारतो. ती उडी किती चटकन होते, ते मोजायचं. काही उड्या इतक्या झटपट होतात की मोजता मोजता हातातून निसटतात. मला नेमक्या त्याच हव्या होत्या. सोप्या उड्या मोजल्या असत्या तर आतापर्यंत डॉक्टर होऊन मोकळा झालो असतो, पण ते असो.

आबांना, म्हणजे वडिलांना, हे कसं सांगायचं? शेवटी पंगत कामी आली. मी म्हणालो, "समजा, पंगतीत एक माणूस किती भरभर जेवतो ते बघायचंय. पण वाढपी एकच, आणि तोही गप्पा मारत फिरतोय. मग काय कळणार?"

"काय कळनार? ताट रिकामंच," आबा म्हणाले. "वाढपी बदला."

अगदी बरोबर. धातूचा तुकडा मोठा असला की रेणूंचा पुरवठा सावकाश होतो आणि आपण उडीच्या ऐवजी वाढप्याचाच वेग मोजत बसतो. म्हणून टोक बारीक करत न्यायचं, केसाच्या हजाराव्या भागाइतकं. मग मधे जेवणारा एकटा आणि चारी बाजूंनी वाढपी, अशी स्थिती येते. ताट रिकामं राहतच नाही, आणि गड्याच्या जेवण्याचा खरा वेग उघडा पडतो.

आबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिसतं का त्ये टोक?"

"नाय आबा."

"आन ती उडी?"

"नाय."

"हाताला तरी लागती का?"

"नाय."

"बरं," आबा म्हणाले आणि कांद्याच्या रोपाकडं बघायला गेले. आबांच्या त्या 'बरं'मध्ये माझी सगळी कारकीर्द मावत असे. पुढं केव्हातरी मी त्यांना सांगितलं की हा वेग सेंटिमीटरमध्ये लिहितात, एका सेकंदाला इतके सेंटिमीटर. ते मात्र मी सांगायला नको होतं. आबांनी उभं आयुष्य बैलगाडा शर्यतींच्या घाटात घालवलंय. सेकंदाला कोणता बैल कुठं असतो हे त्यांना तोंडपाठ. "सेंटिमीटर?" ते म्हणाले. "म्हंजे गोगलगाय म्हन की." पोरगा गोगलगाय मोजतो, हे ते चारचौघांत कसं सांगणार? विचारणाऱ्याला ते "कॉलेजात हाय" एवढंच सांगत आणि विषय बाजारभावाकडं नेत. मला ते लागायचं. त्यांना माझ्याविषयी सांगण्यासारखं एक धड वाक्य मी अजून दिलेलं नव्हतं.

आता प्रयोगाचा थाटमाट सांगतो. पुण्याच्या लॅबमध्ये एक यंत्र आहे. काचेच्या नळीत प्लॅटिनमची तार घालून ते नळीला तापवतं आणि दोन्हीकडून ओढतं. नळी मधे बारीक होत होत तुटते, आणि तुटल्या जागी हवं ते टोक मिळतं. निदान मिळावं अशी अपेक्षा असते. ती टोकं डब्यात घालून मी मंचरला आणायचो. कॉलेजनं मला एक जुनी अडगळीची खोली दिली होती, हायवेच्या अंगाला. कांद्याबटाट्याचा ट्रक गेला की खोलीतल्या बरण्या बोलायला लागत. म्हणून मी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर शहाबादी फरशी टाकली आणि तिच्यावर प्रयोग मांडला. आजूबाजूच्या वायरिंगची भुणभुण आत येऊ नये म्हणून धातूच्या जाळीचा पिंजरा लागतो. तो विकत घेण्याऐवजी मी घरचं दुधाचं जाळीचं कपाट उचलून नेलं. तेव्हापासून आमच्या घरची मांजर बाळसं धरून आहे, आणि आई माझ्या संशोधनाचा उल्लेख त्या मांजरीच्या संदर्भातच करते.

मॅडमनी मला एक पट्टाही दिला होता. मनगटाला बांधायचा, त्याची तार जमिनीच्या अर्थिंगला जोडायची, म्हणजे अंगावर साठलेली वीज टोकात शिरत नाही. तो बांधला की गोठ्यात दाव्याला बांधल्यासारखं वाटे. चहाचा कप घ्यायला वळलो की पट्टा मागं ओढी. पावसाळ्यात मी तो न बांधता काम करून पाहिलं, काहीही बिघडलं नाही. तेव्हा तो मी खिळ्याला अडकवून टाकला. पावसाळ्यात दमट हवेत अंगावर वीज साठत नाही, हे मी दरवर्षी अकरावीला शिकवतो.

आणि मग शाल. आमच्या भागात सत्काराला फार काही करावं लागत नाही. निवड झाली, सत्कार. बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली तर मोठा सत्कार. मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं, नुसतं नोंदवलं, तेव्हाच दत्तजयंतीच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ देण्यात आला. अशा शाली घरोघरी पडून असतात आणि पुढच्या सत्काराला फिरत्या होतात. बायकोही म्हणाली, "ठेवू का बाजूला? माहेरी निमगाव साव्याला चुलत्यांचं रिटायरमेंट हाय." मी नाही म्हणालो. ती मरून रंगाची, सोनेरी काठाची, चक्क चमचमणारी शाल होती. पॉलिस्टर शंभर टक्के. अंगावर घेतली की मी मला फार विद्वान दिसायचो.

पुढं एका वर्षी हिवाळा लागताच हायवेची वर्दळ वाढायच्या आत काम उरकावं म्हणून मी भल्या सकाळी कॉलेजात जायला लागलो. थंडी मरणाची. मी शाल पांघरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचो, मागंपुढं सरकायचो, टोक चिमट्याला जोडायचो आणि मोजायचो. घरी बायको म्हणे, "अहो, ती शाल घेऊन अंगाला हात लावू नका, झटका बसतो." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे ऐकून मी मनातल्या मनात सुखावलो होतो.

आणि आकडे यायला लागले! आलेख असे सुरेख की चौकटीत लावावेत. पावसाळ्यात माझी उडी इतरांच्या उडीसारखीच होती, चारचौघांत उठून न दिसणारी. आता टोक कितीही बारीक असलं, वाढपी कितीही धावले, तरी माझा गडी खातच होता. थकण्याचं नाव नाही. गणित केलं तर वेग तीन आकडी निघाला. मी वाचलेल्या कुठल्याच पेपरात इतका वेग कुणाला मिळाला नव्हता. तेव्हा माझ्या मनात आलं ते असं: बाकीच्यांचा हात बसला नसेल.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "छान. पुन्हा करा, सर." पुन्हा केलं, पुन्हा तोच प्रकार. त्या म्हणाल्या, "टोक घेऊन या, मायक्रोस्कोपखाली बघू." मला त्यांचा हा कोरडेपणा आवडला नाही. जेवताना मी आबांना सांगून टाकलं.

"म्हंजे लई जोरात?" आबांनी विचारलं.

"जगात सगळ्यात जोरात."

आबांचा घास हातातच राहिला. "आन त्ये तू मोजलं?"

"मीच."

दुसऱ्या दिवशी आबा मंचरच्या मार्केटात कांदा घेऊन गेले, आणि बरोबर एक वाक्यही घेऊन गेले. आडत्याला सांगितलं, हमालांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं: "आमच्या पोरानं जगातली सगळ्यात जोरातली वीज मोजली." सेंटिमीटरचा विषय त्यांनी शिताफीनं टाळला. आठवड्याच्या आत सरपंच घरी आले, कारण दत्तजयंती तोंडावर होती. काल्याला माझा सत्कार ठरला, आणि या वेळी आबांचाही, शेजारी बसवून. फाट्यावर फ्लेक्स लागला. वर 'वेगाचा बादशहा' असं लिहिलेलं, बहुधा बैलगाड्यांच्या फ्लेक्सवरून तसंच उचललेलं. खाली माझा लग्नातला फोटो, मुंडावळ्या पुसून. आबा रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून फाट्यावर जाऊन यायचे. मी त्यांना एकदा लांबून पाहिलं. टोपी नीट करून ते फ्लेक्ससमोर उभे होते, जसं देवळात उभं राहतात तसं. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चिडल्याचं सोंग केलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन पुण्याला गेलो, अर्थातच शाल पांघरून. मॅडमनी टोक मायक्रोस्कोपमध्ये घातलं आणि पडद्यावर मोठं केलं. काचेच्या मधोमध धातूची सपाट, गोल, चकचकीत टिकली दिसायला हवी होती. तिथं भोक होतं. तोंड अरुंद आणि आत अंधार. दुसरं टोक घातलं, तेच. तिसऱ्यालाही तेच. धातू वितळून आत मागं सरकला होता आणि काचेच्या टोकाशी एक खोबण झाली होती.

"तोंड अरुंद आहे," मी म्हणालो. "आत मात्र जागा जास्त आहे." बोलता बोलता माझी मलाच पंगत दिसायला लागली. अरुंद दारातून एकाच माणसापुरतं जेवण आत जातंय, आणि ते बघून मी बाहेर बसून लिहितोय की आत एक माणूस आहे आणि तो राक्षसासारखा जेवतो. आणि आत सगळी भावकी बसलेली आहे. पाच-सहा जण, निवांत, एकेक घास खात. मी त्या सगळ्यांचं जेवण एकट्याच्या नावावर मांडलं होतं.

"पण धातू वितळला कशानं?" मॅडमनी विचारलं. "पट्टा बांधता ना, सर?"

मी नळी परत घ्यायला हात पुढं केला. त्यांच्या आणि माझ्या बोटांमध्ये टच् असा आवाज झाला. दोघंही दचकून मागं झालो. मॅडमनी आधी स्वतःच्या बोटाकडं पाहिलं, मग माझ्या शालीकडं, मग पडद्यावरच्या भोकाकडं. मला सर म्हणणाऱ्या त्या बाई तेव्हा हसू दाबण्यासाठी खिडकीकडं वळल्या, एवढी मर्यादा त्यांनी पाळली. जी वीज बायकोच्या दंडाला नुसती चावत होती, ती केसाच्या हजाराव्या भागाइतक्या टोकाला भस्म करत होती. सत्काराच्या शालीनंच माझा विक्रम घडवला होता.

परतीच्या एसटीत मी शाल काढून पिशवीत कोंबली आणि कुडकुडत आलो. आकडा गेला याचं दुःख होतं, पण आकडे गेलेले मी पूर्वी पुष्कळ पाहिले होते. मला डोळ्यांसमोर दिसत होते ते फ्लेक्ससमोर टोपी नीट करणारे आबा. इतक्या वर्षांनी त्यांना एक वाक्य मिळालं होतं आणि ते मी परत मागायला चाललो होतो.

आबा शेतात होते. बायकांनी सकाळी कांदा लावून संपवला होता आणि ते वाफ्यांना पाणी देत होते. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं, पंगतीसकट. ते फावड्यावर हात टेकून ऐकत राहिले. समोरचा वाफा भरला, भरून वाहायला लागला, तरी त्यांनी दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं नाही. आबांच्या हातून वाफा फुटलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"म्हंजे आत दुसरी मानसं जेवत व्हती," ते म्हणाले.

"व्हय."

"आन तुला वाटलं, येकच हाय."

"व्हय, आबा."

"आन ह्ये समदं शालीमुळं? शालीत कुटं वीज असती व्हय?" ते कडवट हसले. "काय बी सांगू नको मला." मग त्यांनी वाहत्या पाण्याकडं पाहिलं, फावडं मारून दारं मोडलं आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "मी मार्केटात सांगून बसलोय रं. आता काय तोंड दाखवू?"

मी म्हणालो, सरपंचांना सांगून सत्कार रद्द करतो.

"रद्द कसा करतो? बुंदी पाडली त्यांनी," आबा म्हणाले. "तूच सांग उद्या माईकवर. मी नाय सांगनार."

मी तरीही सरपंचांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सर, चूक झाली तर झाली, शाल आनून ठेवलीय. सत्कार व्हनार." मग धीर द्यावा म्हणून म्हणाले, "बरोबर आकडा आला की परत करू की राव."

काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, आणि महाप्रसादाच्या आधी सत्कार सुरू झाले. थंड कोरडा वारा सुटला होता. स्टेजवर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत मी आणि आबा शेजारीशेजारी. आबा माझ्याशी आदल्या दिवसापासून बोलले नव्हते. मला नवी शाल घालण्यात आली. जांभळी, सोनेरी काठाची. मी हात लावून पाहिला: पॉलिस्टर. आबांनाही तशीच. त्यांच्या मांडीवर दोन नारळ, त्यांचा आणि माझा.

माईकवर मी सांगून टाकलं. की माझा आकडा चुकला, वीज जगातली सगळ्यात जोरातली नाही, चारचौघांसारखीच आहे. का चुकलं ते सांगायला मी पंगतीचा दाखला घेतला. उपाशी माणसांपुढं, बुंदीचा वास सुटलेला असताना पंगतीचा दाखला देऊ नये, हे मला तेव्हा कळलं. तरी लोकांनी ऐकलं. अरुंद दार, आत लपलेली भावकी, बाहेर हिशेब करणारा मी. कुणीतरी मागून ओरडलं, "म्हंजे सर, आमच्या लग्नात जेवनं कमी पडली ती अशीच!" मांडव हसला. मीही हसलो. आबा समोर बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. शेवटी टाळ्या पडल्या, बहुतेक मी थांबलो म्हणून.

सूत्रसंचालकानं पुढचं नाव पुकारलं. आम्ही उतरायला उठलो. मी खुर्चीत बराच वेळ चुळबुळ केली होती, शाल खुर्चीच्या पाठीला घासत होती, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही. अकरावीला शिकवतो मी हे, दरवर्षी. आबांच्या हातातला माझा नारळ घ्यायला मी हात पुढं केला.

टच्!

एवढा मोठा आवाज की पुढच्या रांगेतल्या बायांनीही ऐकला. आबांचा हात उडाला, नारळ स्टेजवरून घरंगळत खाली गेला. "आयला!" असं ते माईकजवळच म्हणाले. मग ते स्वतःच्या बोटाकडं बघत राहिले. उलटंपालटं करून बघितलं. माझ्या शालीकडं बघितलं. सरपंच नारळ शोधायला वाकले होते, सूत्रसंचालक पुन्हा पुढचं नाव पुकारत होता. आबा माझ्या कानाशी आले.

"ह्येच का रं त्ये?"

"व्हय, आबा," मी म्हणालो. "ह्येच."

आबांनी बोट धोतराला पुसलं आणि माझ्यापुढं धरलं.

"परत येकदा लाव बरं," ते म्हणाले.